प्लग तू बदलायचीस, शैला

प्रिय शैला,

आज दुपारी गाडी सुरू झाली. नीट, न थरथरता. जिना चढून वर आलो, दार उघडलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "अगं, ऐकलंस का?" मग आठवलं, घरात सांगायला कोणी नाही. म्हणून हे लिहायला बसलो. आपलं लग्न झालं त्या वर्षी तू माहेरी गेली होतीस तेव्हा तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे दुसरंच. त्या पत्रातही मी दूधवाल्याच्या तक्रारी लिहिल्या होत्या म्हणे. तू किती हसली होतीस!

तुला जाऊन आठ महिने झाले. त्यातले निम्मे महिने गाडी खाली नुसती उभी होती. मला धीरच होत नव्हता. दिवाळीनंतर बॅटरी भरून आणली आणि रुचाकडे ठाण्याला जायला निघालो, तर गाडी सिग्नलला उभी राहिली की ताप आल्यासारखी कापायची. चढावर गचके. मागून पेट्रोलचा वास. कोपरला स्टेशनजवळ एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, पाहिलं न पाहिलंसं केलं आणि म्हणाला, "काका, इंजिन संपलंय. एकोणीस वर्षांची गाडी, आता काय राहिलंय तिच्यात?"

रुचाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका ना. तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही, आईलाही कधी काही कळत नव्हतं. कशाला सांभाळत बसता?"

मी "हो" म्हणालो, शैला. त्या "हो"बद्दल पुढे लिहितो.

गेल्या मंगळवारी मी खाली गाडी रिकामी करत होतो. शनिवारी घेणारा येणार होता. इंजिन चालूच ठेवलं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरची फिलोमिना शिवणयंत्रावरून उठून बाहेर आली, गळ्यात टेप तसाच. थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ही तीनच सिलिंडरवर चाललीय. एक मारत नाय. प्लग बघितले काय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाईंनी शिकवलं ना."

"कोणत्या बाईंनी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, आपल्या बाईंनी. शैलाबाईंनी."

मग ती आत गेली आणि यंत्राखालून एक पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. तुझी पेटी! आत प्लग काढायचा लांब पाना, फट मोजायच्या पातळ पट्ट्या, जुना टूथब्रश, शाळेच्या प्रयोगशाळेत वापरायचीस तसला मीटर. आणि पुसायला फाडलेला माझा निळा शर्ट. तो शर्ट मी दोन वर्षं शोधत होतो, आणि तू माझ्याबरोबर कपाटं उपसत होतीस! लबाड!

पण हसू फार वेळ टिकलं नाही. मी विचारलं, "ही पेटी तुझ्याकडे कशी?" फिलोमिना खाली बघत म्हणाली, "वर ठेवली तर तुम्हाला दिसेल म्हणून. तुम्ही ऑफिसात असायचे, बाईंची सकाळची शाळा सुटायची, तेव्हा आम्ही दोघी करायचो."

मला तो रविवार आठवला. गाडी नवीन होती. तू पदर खोचून बॉनेटमध्ये वाकली होतीस, हात कोपरापर्यंत काळे. दुसऱ्या मजल्यावरून नेने ओरडला, "काय मोघे, वहिनींना गॅरेज काढून द्या!" चार खिडक्यांतून हसू आलं. आणि मी, तुझा नवरा, गॅलरीतून काय म्हणालो? "शैला, वर ये आधी. शोभतं का हे? मेकॅनिक मेलेत का गावातले?"

 बॉनेट हळूच लावलंस, वर आलीस, साबणाने हात धुतलेस. मला वाटलं, विषय संपला.

भौतिकशास्त्र शिकवणारी बाई तू. ठिणगी कशी पडते हे पोरांना फळ्यावर शिकवायचीस, आणि आपल्याच दारातल्या गाडीत ती बघायची तुला चोरी. एकदा तरी माझ्याशी भांडायचं होतंस! "मला आवडतं, मी करणार," एवढं म्हणायचं होतंस. मी ऐकलं असतं का? खरं सांगतो, तेव्हा नसतं ऐकलं. पण पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर? मी काही इतका दगड नव्हतो गं. की होतो?

मी फिलोमिनाला म्हटलं, "मला दाखव. मी करतो."

इंजिन थंड होईपर्यंत तिने चहा दिला. मग मी मोठ्या उत्साहाने दोन वायरी एकदम उपटल्या. "अहो, काय करता!" ती ओरडलीच. "एका वेळी एकच काढायची, नायतर कुठली कुठे लावणार? आणि वायर धरून खेचायची नाय, ही रबरी टोपी धरायची. बाई मला मारायच्या असं केलं तर." तू मारायचीस? मला तर कधी आवाज चढवून बोलली नाहीस!

तिसरा प्लग बाहेर आला तो काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओला. बाकीचे तीन कोरडे, विटकरी. फिलोमिनाने मीटर लावून वायरी तपासल्या. तिसरीवर काटाच हलेना. बाहेरून धड दिसत होती, आतून तुटलेली. "बघा," ती म्हणाली, "इंजिन बिंजिन काय संपलं नाय. ठिणगीच पोचत नाय तर बिचारं करणार काय?"

दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन चार प्लग आणि वायरींचा संच आणला. दुकानदाराने विचारलं, "मेकॅनिक कोण आहे तुमचा?" मी म्हटलं, "बायको." तो हसला. मी नाही हसलो.

आज बसवले. पट्टीने फट मोजली, प्लग आधी हाताने फिरवून बसवला आणि मग पाना लावला. कपाळावर घाम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वरून आवाज आला, "काय मोघे, या वयात गॅरेज?" नेनेच! आता काठी घेऊन चालतो, पण गॅलरी सोडलेली नाही.

मी मान वर केली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "शैला करायची हे. मी तिला करू दिलं नाही, म्हणून लपून करायची. आता मी शिकतोय."

नेने गॅलरीतून आत गेला. थोड्या वेळाने काठी टेकत खाली आला. माझ्या शेजारी उभा राहून बराच वेळ इंजिनाकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "माझी स्कूटर एकदा चालू होत नव्हती. मुलीच्या बारावीच्या पेपरची सकाळ. वहिनींनी पाच मिनिटांत प्लग बदलून दिला. 'ह्यांना सांगू नका' म्हणाल्या. मी त्यांना साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही रे, त्या रविवारबद्दल."

जो तुला हसला, त्याच्याच मुलीचा पेपर तू वाचवलास. आणि मला पत्ता नाही! किती जणांना ठाऊक होतं, शैला? मी सोडून सगळ्यांना?

किल्ली फिरवली. एका दमात सुरू झाली. फिलोमिना शेजारी बसली, नेने हट्टाने मागे. ठाकुर्लीच्या पुलापर्यंत गेलो. चढावर मी श्वास रोखून धरला होता, पण एक गचका नाही. पूल उतरल्यावर गाडी बाजूला घेतली आणि मला रडू आलं.  मागून नेनेने खांद्यावर हात ठेवला. तुला अग्नी दिला त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो.

घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता त्या "हो"बद्दल. आईला गाडीतलं काही कळत नव्हतं, असं आपली मुलगी समजते, कारण माझ्यामुळे तू तिच्यापासूनही लपवलंस. तिची आई कोण होती हेच तिला पुरतं माहीत नाही. रविवारी मी गाडी घेऊन ठाण्याला जाणार आहे. रुचाला समोर बसवून सगळं सांगेन. तुला काय काय येत होतं ते, आणि तुला ते कोणी करू दिलं नाही तेही. माझा भाग गाळणार नाही. ती रागावेल. रागावू दे. वचन देतो, शैला, यापुढे तुझ्याबद्दल कोणी काही उणं बोललं, तर मी "हो" म्हणणार नाही.

तुझाच,
वसंत