इमारत रिकामी करण्याच्या नोटिशीतले हसरे अक्षर बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. इमारत सुरक्षा अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : नोटिशीचे अक्षर गंभीर करून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या आत्याच्या जिन्यात चिकटवलेली आपली 'इमारत धोकादायक, तात्काळ रिकामी करा' ही नोटीस.

महोदय,

अर्जदार अक्षरे काढून पोट भरते. 'गुदगुली' हा फॉन्ट तिनेच हाताने रेखाटला आहे. त्यात शिरोरेषा झोक्यासारखी लवते, मात्रा टोपीसारखी कलते आणि अनुस्वार चेंडूसारखा उडतो. खेळण्यांची खोकी, बालवाचनालयाच्या पाट्या, दवाखान्यातली मुलांची भिंत, एवढ्यासाठीच तो आहे. आपण तो बागेच्या फलकांसाठी घेतलात, याबद्दल अर्जदार आभारी आहे. तथापि तो आपल्या कार्यालयाच्या इतका मनात भरला की आता नोटिसाही त्यातच निघतात, हे नम्रपणे निदर्शनास आणीत आहे.

२. सदर इमारतीत तळमजल्यावर अर्जदाराची आत्या शिवणकाम करते. छताचा पोपडा शिलाई मशीनवर पडला त्याच आठवड्यात आपली नोटीस लागली. ती वाचून आत्या म्हणाली, "हे कसलं घराबाहेर काढतंय, हे तर खेळायला बोलावतंय." वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी कार्यक्रम किती वाजता आहे, अशी चौकशी केली.

३. सबब अर्जदाराने तोच मजकूर जाड, सरळ अक्षरांत लिहून आत्याच्या दारावर लावला. आत्याने चष्मा चढवला, अक्षरांवरून बोट फिरवले. "रेघ थरथरलीय. घाबरलीयस का गं?" अर्जदाराने होय म्हटले. "मग तोंडाने सांगायचं होतंस," असे म्हणून आत्याने मशीनवर चादर टाकली आणि कपड्यांचे गाठोडे बांधायला घेतले. सध्या ती अर्जदाराकडे आहे. इथे छताकडे बघत बसावे लागत नाही, त्यामुळे वेळ जात नाही, अशी तिची तक्रार आहे. ती या अर्जाचा भाग नाही.

४. वरची दोन बिऱ्हाडे मात्र हललेली नाहीत. अर्जदाराने त्यांनाही तोंडाने सांगून पाहिले. घड्याळजी म्हणाले, "साहेबांनी एवढं हसत लिहिलंय, तुम्ही का रडता?" यावर अर्जदार तशीच जिना उतरली, कारण हसू तिचेच होते.

तरी नवी नोटीस सोबतच्या अक्षरांत काढावी आणि ती घेऊन आपण स्वतः वर जावे, ही विनंती. चेहरा गंभीर करण्याची तसदी घेऊ नये. अर्ध्या जिन्यात तो आपोआप होईल.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
'गुदगुली'ची रेखाटनकार
दिनांक : आजचाच

सोबत : सरळ, जाड अक्षरांचा संच. यातले एकही अक्षर हसत नाही, आत्याकडून तपासून घेतले आहे.