होडीवरचं छत

रविवार, संध्याकाळ

केमोनंतर डॉक्टरांनी ह्यांना उन्हात जायची बंदी केली, म्हणून आज खोपोलीच्या फिटरकडून आमच्या होडीवर ताडपत्रीचं छत बसवून घेतलं. हे धरणाच्या काठावर खुर्ची टाकून बघत बसले होते. गळाची काठी अडकवायचा पाइप फिटर होडीतल्या ह्यांच्या जागेशी लावायला लागला, तर म्हणाले, "तिथं नको रं. हिच्या बाजूला लाव."

"मला कुठं गळ टाकता येतो?"

"शिकवतो की. अजून हाय ना मी."

माझ्या बाजूला. का, ते कळलं मला. कळलं नाही असं दाखवलं.

आत्ताच दोरीला गळ कसा बांधायचा ते दाखवत होते. ह्यांच्या हातून गाठ दोनदा सुटली. शेवटी गाठ मीच आवळली.