काकांची शीळ आणि तुझी तपासणी

चिरंजीव ढापण्यास,

मावशीचे आशीर्वाद. (चष्मा जाऊन लेन्स आल्या, पोराचा साहेब झाला, तरी माझ्या लेखी तू ढापण्याच.) तुझी प्रकृती उत्तम असणार, मावशीचा फोन न उचलण्याएवढी ताकद अंगात आहे, त्याअर्थी खाणंपिणं नीट चाललेलं दिसतं. सूनबाईची कंबर कशी आहे ते कळव. इकडे माझा गुडघा आणि तुझे काका, दोघेही आपापल्या मनाला येईल तसे चालतात. पत्र लिहिण्याचं कारण असं की तुमच्या कंपनीच्या तक्रारीच्या चौकटीत दोन ओळींपुढे लिहू देत नाहीत, आणि दोन ओळींत माझ्या रागाचा मायनासुद्धा मावत नाही.

तर आपली दारावरची पेटी बंद पडली आहे. पडली म्हणणं बरोबर नाही, पाडली आहे. मंगळवारी सकाळी तुमच्याकडून तिच्यात आपोआप काहीतरी नवीन आलं (मी मागवलं नव्हतं), ती विझली, पुन्हा उजळली आणि पडद्यावर अक्षरं आली, "साठवणीची मांडणी असुरक्षित. पेटी सुरू करता येत नाही." शिळेपलीकडे जिने कधी चकार शब्द काढला नाही, ती एकदम हेडबाईंसारखी बोलायला लागली!

तू आता मोठ्या कामांत असतोस, म्हणून आठवण करून देते. काका घराबाहेर पडून रस्ता विसरायला लागले, तेव्हा कॉलेजात शिकत असताना तू, आता जिथे साहेब आहेस त्याच कंपनीची कोरी पेटी आणून, ही आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलीस. (टेबलावर पडलेला डाग अजून आहे. तू "जाईल" म्हणाला होतास.) दार उघडलं की पेटी काकांचीच जुनी शीळ वाजवते, आणि ते उंबऱ्यावर थबकून मागे वळतात, कोण बोलावतंय ते बघायला. घंटेने थबकत नाहीत. माझ्या हाकेने तर लग्नापासून थबकलेले नाहीत. शिळेने फिरतात, का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. वास्तविक शीळ बेसूर आहे. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असताना हा गृहस्थ मागच्या भिंतीबाहेर उभा राहून तीच घालायचा, आणि सिस्टरना वाटायचं एखादा आजारी पक्षी आहे. (त्यांनी भिंतीवर दाणे ठेवायला सुरुवात केली होती.) तू काकांना ती पुन्हा पुन्हा घालायला लावलीस, तिचे चढउतार आकड्यांत बसवलेस. आता त्यांच्या ओठांतून नुसती हवा निघून जाते. शीळ उरली आहे ती पेटीत.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. तिने मला पेटी बंद करून चालू करायला लावली, मग चालू करून बंद करायला लावली, आणि मग म्हणाली, "आजी, मागचं पांढरं बटण दाबून धरा. सगळं पुसून नवी मांडणी होईल."

"सगळं म्हणजे? शीळसुद्धा?"

"हो, पण नव्या ट्यून मिळतील ना, आजी! चांगल्या बारा आहेत."

मी म्हटलं, "बाळ, तुझे आजोबा घेऊन त्यांच्या जागी चांगले बारा आजोबा देते. चालेल?"

मग हळूच, "बटण दाबू नका, आजी. मी आत विचारून येते." आणि माझ्या कानात तुमच्या कंपनीचं संगीत सुरू झालं. (त्यापेक्षा आजारी पक्षी बरा.)

पेटीऐवजी मी दाराला डब्यांची झाकणं सुतळीने बांधून ठेवली होती. माझी युक्ती उत्तम होती. पेपरवाला आला, झाकणं कोसळली, पेपरवाला पेपर टाकून पळाला. शेजारीण आली, झाकणं कोसळली, शेजारीण माझ्या वयाबद्दल काहीतरी पुटपुटली. काकांनी मात्र सुतळी नीट सोडली, झाकणं एकात एक रचून कोनाड्यात ठेवली, दार हलकेच ओढून घेतलं आणि गेले. मी पाठमोरी, कानाला संगीत. वळून पाहते तर खुर्ची रिकामी.

फोन तसाच टाकून, घरातल्या सपाता फटफटवत मी रस्त्यावर. औषधवाल्याकडे नाहीत, बाकावर नाहीत, आणि चौकात ट्रक कसे येतात ते तुला ठाऊक आहे. काय काय मनात येऊन गेलं ते लिहीत नाही. सापडले न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला फेस लावून. सकाळी मी स्वतः त्यांची दाढी केली होती. न्हावी म्हणाला, "मावशी, दाढी नाहीच आहे हो, नुसता फेस फिरवतोय. म्हटलं, तोवर कोणी शोधत येईल." काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "ही माझी बायको. चिडलेली दिसतेय, म्हणजे मी हरवलो असणार."

मी बिनदाढीचे पैसे दिले आणि हाताला धरून घरी आणलं.

फोन अजून चालू होता. "आजी, सापडले का?" ती मुलगी विचारत होती, बिचारीने माझा सगळा आरडाओरडा ऐकला होता. मग तिने सांगितलं की ही नवी तपासणी सरांनी घातली आहे. सर कोण म्हणून विचारलं, तर निघालास तू! ज्या सरांना मी लंगोटात पाहिलंय, त्यांच्या नियमाने त्यांचीच पेटी नापास केली!

तिच्याकडून कारणही कळलं. कुठल्याशा पेटीत सेटिंग (म्हणजे शिळेसारखं आपण आत भरलेलं) वाढत वाढत बूटलोडरवर, म्हणजे पेटीला झोपेतून उठवणाऱ्या त्या पहिल्या छोट्या प्रोग्रामवर, चढलं आणि पेटी कायमची गेली. वाईट झालं. पहारा हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तूच मला माझ्या कपाटापुढे उभं करून सांगितलं होतंस, आठवतं? बूटलोडरसाठी अख्खा खण राखून ठेवलाय, तो झोपतो अर्ध्यात. चिप छोटी, दुसरीकडे जागा नाही, म्हणून उरलेल्या अर्ध्यात काकांची शीळ ठेवतो, कोणाचा कोणाला धक्का नाही. आणि आता तुझी तपासणी खणाच्या पाटीवरचं नाव वाचते आणि शिळेला घुसखोर ठरवते!

मी उभा जन्म ग्रंथालयात काढला. राखीव फळी आणि भरलेली फळी यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे एक साहेब आले होते, त्यांनी कोशांच्या फळीवर कोशांखेरीज काही दिसता कामा नये असा हुकूम काढला. फळीच्या रिकाम्या टोकाला ब्रेल पुस्तकं होती, कारण एवढी रुंद फळी दुसरी नव्हती. साहेबांनी ती तळघरात पाठवली. फळी शिस्तीत रिकामी झाली, आणि ती पुस्तकं बोटांनी वाचणारे दोघे यायचे थांबले. कोश सुरक्षित राहिले हे खरं. त्यांना मुळात धोकाच नव्हता.

म्हणून नीट ऐक. राखीव जागा मोजू नकोस, बूटलोडर प्रत्यक्षात कुठे संपतो ते मोज. सेटिंग त्याच्या अंगावर जात असेल तर अडव, बिनदिक्कत अडव. अंगावर जात नसेल आणि कोणी विचार करून तसं मांडलं असेल, तर ताकीद दे आणि चालू दे. उद्या नवा बूटलोडर लठ्ठ होऊन आला, तर त्याला दाराबाहेरच थांबव. आतल्या चालत्या पेटीचा गळा धरू नकोस. तुझ्यासारखे आणखी किती भाचे कुठल्या टेबलांवर बसून कोणासाठी काय मांडून गेले असतील, ते कंपनीला काय माहीत?

पेटी तशीच बंद आहे, मी पुसलेली नाही. पांढऱ्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. तू दुरुस्त करेपर्यंत झाकणं आहेत, न्हावी आहे आणि मी आहे.

तुझ्यावर अतिशय रागावलेली,
मावशी

ता. क. तपासणी साफ काढून टाकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे; बोललं की एकतर ऐकत नाहीस, नाहीतर फारच ऐकतोस.

ता. क. २. त्या मुलीला रागावू नकोस. रोज दुपारी फोन करून काका घरात आहेत ना विचारते. सरांना हे सुचलेलं नाही.

ता. क. ३. दुरुस्ती दुरून होत असली तरी तू स्वतः ये. शीळ बेसूर आहे, हे वर लिहिलंच आहे. तरी येशील तेव्हा तिची एक प्रत माझ्या फोनवर काढून दे. काकांसाठी नको. त्यांच्यासाठी पेटी आहे.