पाचूबंदरची होडी का रखडली

पाचूबंदर, वसई
२८ ऑगस्ट १९५२

प्रिय पास्कल,

चार पानं भरून शिव्या घातल्यास, आणि त्याही मला! होडी अजून मांडवात का, पुढच्या टोकाची नाळ बसवायला एवढा वेळ का, फळ्यांच्या फटी अजून भरल्या कशा नाहीत. अरे, मी काय सुतारीण आहे? तुझ्या गोदीत फळ्यावर खडूने लिहिलं की शंभर माणसं हलत असतील. इथे एक रामनाथ मिस्त्री, त्याची करवत आणि आपला बापूस. तू आखून धाडलेला मोठा कागद मी घरातल्या आल्ताराशेजारी, येशूच्या तसबिरीखाली, भिंतीला डकवलाय. कुठलं काम कुठल्या आठवड्यात संपायचं, सगळं चौकटी-चौकटीत. संपलं की फुली मार म्हणालास. पहिल्या चौकटींवर मारल्या फुल्या, वेळच्या वेळी. पुढच्या कोऱ्या राहिल्या त्याला मी काय करू? नारळी पुनव उलटली, सगळ्या कोळीवाड्याच्या होड्या पाण्यात गेल्या. रोज सकाळी मी शेजारच्या फ्लॉसीकडून बोंबील विकत घेते. कोळणीने मासळी विकत घ्यायची! ती वर हसून विचारते, काय गं आग्नेस, होडी बांधताय की चर्च?

जुनी होडी बांधली ते वर्ष आठवतं तुला? तेव्हा बापसाकडे कागद नव्हता, सगळं काम सणांना बांधलेलं. संत जोसेफाच्या सणाला तळाचं लाकूड, झावळ्यांच्या रविवारपर्यंत फळ्या, संत पेत्राच्या सणाला तेल. फटींत भरायला आई कापूस पिंजायची, मी त्याचे पेळू वळायचे, आणि तू मुशी माशाच्या तेलाचा डबा धरून उभा. चर्चमध्ये मिसाला तुझ्या बाकावर कोणी बसेना, एवढा वास मारायचास. रामनाथ तेव्हा नवा जावई. एका दिवसाची सुट्टी घेऊन वटारला सासुरवाडीला गेला, तर बापूस मागोमाग तिथे हजर. जेवत्या पानावरून उठवलं त्याला. म्हणाला, उधाण काय तुझ्या सासऱ्यासाठी थांबनार हाय? बायको रडायला लागली, तरी गाडीत घालून आणलाच. असा माणूस. एक भरती फुकट गेलेली त्याला खपायची नाही.

आणि होडी लोटली तो दिवस! तू नाळेवर चढून बसलास, उतरायलाच तयार नाहीस. मी चढले असते तर कानाखाली खाल्ली असती. तुला मात्र बापूस काही बोलला नाही. पाण्यात छातीपर्यंत उभा राहून नुसता वर बघत होता तुझ्याकडे. मला तेव्हा राग आला होता. आता त्याचं ते तोंड आठवलं की बरं वाटतं.

आई गेली त्याच्या वर्षाच्या मिसाला आलास, त्यानंतर नाही. काम असतं, मला कळतं. बापूसही मला तेच समजावतो, पोरगा मोठ्या हुद्द्यावर हाय म्हणून.

तर काल काय झालं ते ऐक. दुपारी भाकर घेऊन मांडवात गेले. रामनाथ बाहेर विडी ओढत बसलेला. आत बापूस पटाशी घेऊन परवा भरलेल्या फटींतला कापूस उपटत होता. गुडघे टेकून, एकेक फट. मी रामनाथवर तोंड टाकलं, तर तो म्हणाला, बाय, मला कशाला बोलतेस? नाळही त्यांनीच काढायला लावली, वाकडी हाय म्हणून. सुतासारखी सरळ होती. माझं काय, मला मजुरी मिळते, पन लाकडाचे हाल बघवत नाहीत. मी बापसाच्या हातातली पटाशी हिसकावली. वेड लागलं का, विचारलं. उपटलेला कापूस तो मुठीत गोळा करायला लागला. मग म्हणाला, काम येळेवर चाललं व्हतं तवा पोरग्याचं एक पत्र आलं नाय. मागं पडलं की चार पानं येतात. आणि वर मला सांगतो, घरी चल, त्या शिव्या परत वाचून दाखव.

पास्कल, कापूस मी पुन्हा भरायला लावलाय. पण तू आल्याशिवाय तो ही होडी पुरी होऊ देणार नाही, आणि त्याचे हात आता थरथरतात. पटाशी कधीतरी बोटावर बसेल. अमावसेच्या उधाणाला होडी लोटायची आहे, तेव्हा तू इथे हवास. रागावून आलास तरी चालेल. मारियेच्या सणाआधी, सात तारखेपर्यंत, कधी येतोस ते लिही. पत्र बापसाच्या नावाने टाक, आणि त्यात होडीचं एक अक्षर नको.

तुझीच,
आग्नेसबाय