उतरलेला रंग

लवळे,
रविवार

प्रिय शुभांगी,

तू मुठ्याला सासरी परत गेलीस त्याला अकरा दिवस झाले. इकडे सगळं चालू आहे. वरच्या खोल्यांत कॉलेजची नवी मुलं राहायला आलीत, गिझर पुन्हा बिघडलाय. धोंडाकाकी अजूनही मला डबा भरून देतात. मी तो बावधनला लॅबमध्ये बसून खाते आणि भाजी कुठली होती ते संध्याकाळी आठवत नाही. मला रडू येत नाही गं. आबांच्या तेराव्याला तुम्ही सगळ्या रडत होतात आणि मी पत्रावळ्या मांडत होते. भाडेकरू पोरगी किती खंबीर, असं कुणीतरी म्हणालं. खंबीर कसली, बधिर झालेय.

ओट्यावर शेंगा फोडत बसलो की आबा माझ्या जंतूंची चौकशी करायचे, आठवतं? एवढ्याशा जिवाला भिंत कशाला लागते, हा त्यांचा लाडका प्रश्न. मी सांगायचे, आत पाण्याचा इतका दाब असतो की भिंत नसेल तर जंतू फुटून जाईल. काहींची भिंत जाड, तिच्यात आमचा जांभळा रंग अडकून बसतो. काहींची पातळ, त्यांचा रंग अल्कोहोलनं उतरतो, मग ते गुलाबी रंगवायचे. पेनिसिलिन नवी भिंत बांधूच देत नाही, म्हटल्यावर ते म्हणाले होते, "म्हंजी औषध घर पाडत न्हाई, गवंड्याचा हात धरतंय." शिकाऊ मुलींना मी आजही हेच सांगते.

आबांचा कान फुटला, मग ताप आला, मान ताठली. तुझ्या कैलासदादानं कानात थेंब घालून दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आमच्या हॉस्पिटलात आणलं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला माझ्याच टेबलावर आलं. आधी ओळखीच्या जंतूंची स्लाइड रंगवायची, ती बरोबर रंगली तरच पेशंटची, असा आमचा शिरस्ता आहे. त्या दिवशी मी तो मोडला. घरचं माणूस, रिपोर्ट लवकर जावा, एवढंच डोक्यात होतं. अल्कोहोल स्लाइडवर जास्त वेळ राहिलं. तेवढ्यानं जाड भिंतीतलाही रंग निघून जातो. मला जोडीजोडीनं गुलाबी ठिपके दिसले आणि मी तसं लिहून दिलं. दोन औषधं सुरू होती. त्यातलं जांभळ्यांसाठीचं डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टवरून थांबवलं.

दोन दिवसांनी, त्याच पाण्यातले लॅबमध्ये वाढवायला ठेवलेले जंतू वाढून आले. पुन्हा रंगवले तर जांभळे. रिपोर्ट दुरुस्त झाला, थांबवलेलं औषध सुरू झालं, आणि त्याच दुपारी आबा गेले. आमच्या लॅबच्या निरंजन सरांना मी सगळं सांगितलं, रजिस्टरात लिहिलं. तुमच्या घरी कुणी कळवलं नाही. मीही नाही.

उशिरामुळे किती बिघडलं आणि माझ्यामुळे किती, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनाही विचारलं मी. पण काकी पोटच्या पोराच्या, दादाच्या हातचं पाणी घेत नाहीत, आणि तूही जाताना त्याच्याशी बोलली नाहीस. काल तो जिन्यात थांबला. म्हणाला, "जुईलीताई, दोन दिस आदी आनलं असतं, तर आबा आज असते का?" मी म्हटलं, माहीत नाही, आणि वर निघून आले. त्याच्यासमोर उभं राहून एवढंच सुचलं मला, याची लाज वाटते. उद्या सकाळी मी काकींसमोर आणि त्याच्यासमोर बसून हे सगळं सांगणार आहे. ते खोली सोड म्हणाले तर सोडेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण हे वाचून झालं की आधी दादाला फोन कर.

तू म्हणू देशील तर, तुझीच
जुईली