दिवा धरणारा

कोपनहेगन, ३ नोव्हेंबर १७६८
सुखरूप पोचलो. चित्रकार होल्कसाहेबांचे घर कालव्याला लागून आहे. मला चुलीजवळची उबदार खोली मिळाली. काम सोपे. दुपारी खिडक्या लावायच्या आणि साहेब आरशात बघून स्वतःचे चित्र काढतात तोवर त्यांच्या उजवीकडे दिवा धरून उभे राहायचे. स्वयंपाकीण बोडिलबाई हसल्या. अहो अँकर, म्हणाल्या, गावाकडे घोडे धरत होतात, हा दिवा निदान लाथ तरी मारत नाही. नाताळनंतर घरी जाईन. माझी बायको सिसेल अंथरुणाला खिळली आहे. रोज संध्याकाळी नवऱ्याने स्तोत्र वाचून दाखवावे, एवढेच तिचे मागणे. देवाची कृपा.

१० नोव्हेंबर
आज इथला सण, जेवणाला हंस भाजला होता. चित्रात साहेबांचा अर्धा चेहरा उजळला आहे, अर्धा अंधारात. माझे हात भरून येतात. सांगितले, तर साहेब म्हणाले, रस्त्यावरच्या कंदिलाच्या खांबानं कधी खुर्ची मागितली का रे?

२१ नोव्हेंबर
चित्रातल्या डाव्या बाजूचा अंधार अजून पातळ वाटतो म्हणून साहेबांनी काळ्या रंगाचा आणखी एक हात दिला. त्याच वेळी माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुरकट झाले. थकवा असेल. स्तोत्राच्या ओळी अर्ध्याच दिसल्या.

२९ नोव्हेंबर
डावा डोळा गेला. आज साहेबांनी काळा रंग सुरीने खरवडला, आणि मला त्या डोळ्याने दिसू लागले. आधी दिवा, मग आरसा. पुन्हा रंग चढवला. पुन्हा अंधार.
बोडिलबाई मासे साफ करत होत्या. त्यांना हे सांगितले. आधीचा दिवेवालाही हेच सांगायचा, म्हणाल्या. त्याला हाताला धरून बोटीवर बसवावं लागलं. मग मला का नाही सांगितलंत? मी विचारले. म्हणाल्या, तुम्ही आला नसतात तर तो दिवा माझ्या हातात असता.

६ डिसेंबर
चेहरा अजून फार उजळ आहे, उद्या उजवी बाजूही झाकू, असे साहेब म्हणाले. गावाकडची बोट शनिवारी — तोवर — सिसेलला कोण वाचून —

७ डिसेंबर
साहेब जेवायला गेलेत. डावी बाजू मी खरवडली. देवा, क्षमा कर. दिसते आहे! वही, बोटे, ही ओळ.
काळ्याखाली एक डोळा निघाला. साहेबांचा नाही. माझा. मिटत नाही. माझ्या मागे, दाराकडे बघतो —
साहेब. आत आले. दिवा बोडिलबाईंच्या हातात दिला. मला म्हणाले, उठू नकोस, लिहीत राहा, असाच बस —
काळा रंग. दोन्ही बाजूंना —
ओळ दिसत नाही. सिसेल, मला पाठ आहे, न बघता म्हणेन, पहिली ओळ —