पेडलखालचं पोतं

मानोरा, बुधवार, दिवेलागण

डोकं फिरलं आज. माळीणबाईची वांगी मोटारीत भरली, कारंज्याचा बाजार गाठायचा, अन् गिअर पडेचना. नुसता करकरे. शेखभाई ड्रायव्हर माझ्यावर, क्लीनरवर, खेकसले, "क्लच सुटून नाही राह्यला बे! काय केलं तुनं?" म्हटलं, "काईच नाही." दोन तास मोटारीखाली लोळून क्लचचा दांडा आवळला, ढिला केला. माळीणबाई वरून, "झोपला का रे खाली? वांगे सुकले माहे!" वांगी मात्र काटेरी, झकास. शेवटी पेडलखाली हात घातला तर पोतं! शेखभाईंचे पाय भाजतात म्हणून सकाळी मीच घडी करून घातलेलं. पेडल पुरतं दबतच नव्हतं. गुपचूप ओढलं, गिअर मुकाट पडला. शेखभाईंनी पाठ थोपटली. पण बाजार हुकलाच. तरी बाईनं मला चार वांगी दिली. त्या पोत्यावर ठेवलीत. खाऊ कशी?